सहा नंबरची बाटली

हौसराव : एक ओळ बदलली तर तुझं काय बिघडतं, अंकू? मामासाठी तेवढं न्हाई जमायचं?

अंकिता : मासिक छापून महिना झाला, मामा. आणि छापलं नसतं तरी बदललं नसतं. त्या वाइनला सडक्या अंड्याचा वास होता.

हौसराव : आसंल. मग वास लिवायचा आन् गप बसायचं. 'बागेत तोडणीच्या तोंडावर गंधक मारलं असावं', हे कशाला लिवलंस?

अंकिता : कारण तो वास बहुतेक तिथूनच येतो. द्राक्षावर गंधक राहिलं की रस आंबताना यीस्ट त्याचा तसला वायू करतं. केमिस्ट्रीत डिग्री घेतलीय मी. आणि बारा बाटल्या कागदात गुंडाळून समोर ठेवलेल्या. सहा नंबरची तुमच्या बागेची आहे, हे मला कुठं माहीत?

सिंधूबाई : बाराच्या बारा प्यालीस?

अंकिता : पीत नाहीत, मामी. तोंडात घोळवून थुंकायचं, मग लिहायचं.

सिंधूबाई : थुंकायचा पगार. बरं हाय.

हौसराव : तू थांब गं. अंकू, परवा वाइन कंपनीचे विक्रमसाहेब आलते हितं मांडवगणात. बांधावर हुभं ऱ्हाऊन तुझं लिवलेलं मोबाइलवर वाचून दावलं मला. म्हनले, वाइन तुमच्या गंधकानं नासली, बाईंनी लिवलंच हाय. यंदाचा माल घ्यायचा का न्हाई, ते शुक्रवारी सांगनार. तीन एकर शिराझ हाय, निस्ती वाइनची द्राक्षं. बारका मणी, जाड साल, आत बिया. दौंडच्या बाजारात फुकट ठिवला तरी कुनी तोंडात घालनार न्हाई.

अंकिता : मग मारलं होतं का गंधक?

(हौसराव उठून वेलाचं एक पान उलटं करून बघतात.)

हौसराव : मारलं. भुरी आलती.

अंकिता : तोडणीआधी किती दिवस?

हौसराव : बारा.

अंकिता : बारा? वाइनच्या द्राक्षाला महिनाभर आधी बंद करतात. कुणी सांगितलं मारायला? औषधाच्या दुकानदारानं?

हौसराव : सोड आता.

अंकिता : नाव सांगा. मी जाऊन विचारते त्याला. अर्धवट सल्ला द्यायचा आणि नंतर शेतकऱ्यानं...

सिंधूबाई : तूच.

हौसराव : सिंधू.

सिंधूबाई : का? साहेबानं तेच इचारलं, तवाबी ह्यांनी तोंड उघडलं न्हाई. म्हनले, माझ्याच मनानं मारलं. अंकू, गेल्या साली संक्रांत झाल्यावर ह्यांनी तुला फोन केलता. पानावर पीठ भुरभुरल्यावानी दिसतंय म्हनले. तू कुठंतरी चाखाया निघाली हुतीस, घाईत. म्हनलीस, भुरी हाय, गंधक धुरळा आन् निवांत ऱ्हावा.

अंकिता : तोडणी कधी आहे, ते मी विचारलंच नाही.

हौसराव : मी तरी कुठं सांगितलं? खायच्या द्राक्षाला उशिरापोतर मारायचोच आमी. वाइनचं येगळं आस्तं, ठावं नव्हतं.

अंकिता : विक्रमसाहेबांचा नंबर द्या.

हौसराव : काय सांगनार?

अंकिता : सल्ला माझा होता. पुढच्या अंकातही लिहिते. वास होता तो होताच, तो पुसणार नाही. पण गंधक कुणाच्या सांगण्यावरून पडलं, ते माझ्या नावासकट लिहिते.

हौसराव : मग तुला परत बाटल्यांपुढं कोन बसवंल?

अंकिता : नाही बसवणार कदाचित.

सिंधूबाई : आन् साहेब तेवढ्यानं माल घेतील?

अंकिता : सांगता येत नाही, मामी. यंदा गंधक वेळेत बंद झालंय, हे दाखवता आलं तर घेतीलही.

हौसराव : त्यासाठीच तुला सकाळच्या डेमू गाडीनं यायला लावलं. फोनवर इचारायचा धीर हुईना. ह्ये पान बघ. खालच्या अंगाला.

अंकिता : भुरी.

हौसराव : व्हय. काय मारू?

अंकिता : आधी सांगा, मामा. तोडणी कधी आहे?