उमरेडच्या मामांचं कुलूप

नागपूर सुरक्षित आहे की नाही, ते आमच्या मामांना विचारा. मामा उमरेडचे विणकर. एकाहत्तर साली नागपूरला आमच्याकडे आले होते. परतीच्या दिवशी माझ्या सायकलवर आम्ही धरमपेठेत खरेदीला गेलो. दुकानापुढे मामांनी सायकलीला खास नागपूरसाठी विकत घेऊन गावाहून आणलेलं भलंमोठं कुलूप ठोकलं.

म्हटलं, "मामा, इथं कोणी सायकल नेत नाही."

"तुले काय मालूम? आमच्या उमरेडात घरालेही कुलूप लागत नाही. हे चोरट्यांचं शहर आहे!"

खरेदी झाली आणि कळलं की किल्लीच हरवली. उमरेडच्या बसची वेळ होत आली होती. शेवटी मी शेजारच्या दुकानातून हातोडी मागून आणली आणि भर बाजारात कुलपावर घाव घालू लागलो. एका अनोळखी माणसानं सायकल घट्ट धरली. पानवाल्यानं लोखंडी कांब दिली. रस्त्यानं जाणारा हवालदारही थांबला आणि म्हणाला, "तिथं नाही गा, कडीवर मार!"

कुलूप तुटलं. मला वाटलं, मामा खूश होतील. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बसमध्ये चढताना ते हळूच म्हणाले, "काहून गा, सायकल कोणाची आहे, हे एकानंही विचारलं नाही!"