दारावर ठोकलेला गायक

आमच्या बाबांना कला किती कळते, ते ऐका. माझ्याकडे एका विक्षिप्त गायकाचे दोन अल्बम होते. पांढरं रंगवलेलं तोंड, काळे ओठ, आणि न्यू वेव्ह पॉपच्या ठेक्यावर ऑपेराचा उंच, बाईसारखा आवाज. कॉलेज सोडल्यापासून घरात माझ्याशी धड बोलणारा तेवढाच. समता कॉलनीतलं आमचं नवं घर बघायला गेलो, तर दोन्ही अल्बम दारावर ठोकलेले. खिळे आतल्या रेकॉर्डमधून आरपार.

"बाबा, हे काहून?"

"घराले नजर लागू नये म्हणून. बाजारातल्या राक्षसाच्या मुखवट्यापेक्षा हे तोंड भेसूर आहे."

"मग मलेच टांगायचं होतं."

बाबा शांतपणे म्हणाले, "टांगलं असतं. पण तुले दारात पाह्यलं का लोक विचारतात ना, पोट्टा करते काय."