सात बगळे आणि एक नारळ

—हात काऊन आखडला बे? लाव ना तराजू. भंगारवाला हायेस का पाव्हणा? चोरीचा माल नाई तो, माह्या पोरीचा हाये. हाव, बगळेच. पत्र्याचे सात बगळे, एका लोखंडी खांबावर. डिंपल माही, मेकॅनिकल इंजिनियर — कारखान्यातली नोकरी सोडून इथं सुलतानपुरात आली आन सायकलच्या चेन, टेम्पोचे बेरिंग घेऊन अंगणात बसली. म्हणे, बाबा, हे हलतं शिल्प हाये. मी म्हणलं, वा. बापानं मशीन बनवाले शिकवलं, आन लेक बगळे बनवून राह्यली. ना दळण दळत, ना पाणी उपसत. वारा आला का नांगरामागच्या बगळ्यांसारखे उठनार — एक उठला का दुसरा, मंग तिसरा. बस, एवढंच काम. याच्यासाठी वरीसभर वाशर घासले तिनं. एका पंखाले एक वाशर जास्त झाला का सगळा थवा अडते, म्हणून रोज एक लावे, एक काढे. वजनाचा सारा खेळ हाये बाबा, म्हणे. पहिल्यांदा उडाले तवा मी खिडकीत चहा पिऊन राह्यलो होतो. चहा थंड झाला, दुसरं काय.

मंग मीच गाव बोलावलं ना. सरपंचापासून सगळे. अर्जुनराव मास्तर तं फेटा बांधून आले. वारा मस्त सुटलेला — आन बगळे? ढिम्म. एकानं पंख हलवला नाई. ती म्हणे, थांबा बाबा, पाहू द्या मले. मी म्हणलं, आता काय पाहतं, तुह्या बगळ्यांनीही नोकरी सोडली असंन. सारं गाव हसलं. विनोद चांगलाच होता तो, खोटं काऊन बोलू. संध्याकाळच्या गाडीनं ती नागपूरले गेली. दिवाळी झाली, संक्रांत झाली. मायशी बोलते, माह्याशी नाई. नसन बोलत तं नसन, मले काय फरक पडते — जेवतो, झोपतो, बीपीची गोळी घेतो. फक्त सकाळी दार उघडलं का हे सात जण माह्याकडं पाहून राह्यतात. म्हणून म्हणतो, घेऊन जाय. रुख्मिणी, तिची माय, हिवऱ्याले आश्रमात गेली हाये, ती यायच्या आत अंगण साफ पाह्यजे मले.

आता भिंतीच्या बाजूनं काऊन चाल्ला? काय सापडलं? काळं फडकं? गाठ सोड, आन इकडं. नारळ. शेवटच्या बगळ्याच्या पोटाखाली अख्खा नारळ, वरून बिबा आन लिंबू. हे रुख्मिणीचंच काम. गाव येनार म्हणून त्या सकाळी बांधला असंन, लेकीच्या कामाले नजर लागू नये म्हणून — वा, रुख्मिणीबाई. तिथं एक वाशर जास्त होते, आन तुम्ही नारळ—

थांब. बोलू नको. वारा येऊन राह्यला.

हाव. उठले. शेवटचाही उठला.

कॅमेऱ्याचा फोन हाये ना तुह्याजवळ? काढ व्हिडिओ. मले नको घेऊ त्यात, बगळेच घे. आता हा डिंपलचा नंबर घे, व्हॉट्सॲपवर पाठव तिले. माह्या फोनवरून नाई, तुह्याच फोनवरून — माह्या नंबरचं ती काई उघडत नाई. खाली लिही... काय लिहावं बे. लिही, नारळ होता. बाबाले कळलं नाई. नको, ते दुसरं खोड. राहू दे, राहू दे. गेला? टिका निळ्या झाल्या का? पाह्य ना नीट. नाई? पाह्य अजून.

झाल्या?

मंग तराजू उचल. जाय म्हणलं ना.