वाक्य संपू द्या

रविवार, १ मार्च २०२६. सकाळी शेजारच्या मारियाने रिक्षा बोलावून दिली. न्यायाधीश भोयर साहेब काल निवृत्त झाले, म्हणून वकील संघाने त्यांचा सत्कार ठेवला होता. हॉल भरलेला होता. मला शाल आणि नारळ दिला, मग माइक दिला. मी बोलले ते असं:

आदरणीय अध्यक्ष ॲडव्होकेट दिलशाद मुकादम मॅडम, सत्कारमूर्ती माननीय भोयर साहेब, भोयर वहिनी, संघाचे सचिव परेशजी, व्यासपीठावरील मान्यवर आणि समोर बसलेल्या सर्वांनो,

मी इलाना आपटेकर. मला भाषणाची सवय नाही. आमच्या घरात बोलण्याचं काम माझ्या नवऱ्याकडे, मनासेंकडे होतं. गेल्या दिवाळीनंतर ते गेले, तेव्हापासून घरात फक्त कुकर बोलतो. (तुम्ही हसलात ते बरं झालं. मनासेही हसले असते.)

साहेबांच्या सत्काराला, साहेबांविरुद्ध तक्रार करणाऱ्याची बायको कशी? हे साहेबांनाच सुचलं. बोलावणं त्यांचं आहे.

मनासे कशाची तक्रार करत नसत? चहात आलं कमी. खारघरच्या आमच्या इमारतीची लिफ्ट कुरकुरते. नारळ खवायच्या विळीला धार नाही. खवायचं काम त्यांचं, त्यामुळे दर शुक्रवारी हे ऐकावं लागे. मी म्हणायचे, धार आहे, तुमचाच हात जड झालाय.

लिफ्टवरून बिल्डरशी भांडण कोर्टात गेलं आणि मनासेंना मागच्या बाकावर कायमची जागा मिळाली. न्यायाधीशांबद्दलच्या तक्रारी तर बाहेर चहाच्या टपरीवर रोज चालतात. हे फार ओरडतात, त्यांना डुलकी लागते, तिसऱ्यांना सातबारा वाचता येत नाही. वकील मंडळी, खाली बघू नका, मनासेंनी मला सगळं सांगितलंय. पण टपरीवरची तक्रार चहाबरोबर संपते. मनासेंनी ती खाली सही करून वर, हायकोर्टात पाठवली.

ती लिहिली त्या दिवशी भोयर साहेबांसमोर बेलपाड्याच्या सोनाबाई साक्षीला उभ्या होत्या. त्या आज तिसऱ्या रांगेत आहेत. साहेबांनी विचारलं, हे अंगण तुमच्या वापरात आहे का? सोनाबाई म्हणाल्या, "नाय त काय! सासऱ्याच्या वेळंपासून आमीच वापरताव."

साहेब तेव्हा फार घाईत असत. त्यांनी "नाय" ऐकलं, टायपिस्टला "नाही" सांगितलं आणि पुढचा प्रश्न विचारला. सोनाबाईंचं अंगण एका शब्दात गेलं. त्यांचे वकील मोबाईलमध्ये होते. मनासे उभे राहून म्हणाले, "साहेब, बाईंचं वाक्य संपलं नाही." साहेबांनी शिपायाला सांगून त्यांना बाहेर काढलं. ते जिन्यावर बसून राहिले आणि घरी येऊन तक्रार लिहिली. तिचा सारांश एवढाच, की साहेब ऐकून घेत नाहीत, म्हणून चुकतात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. वरून विचारणा झाली, सोनाबाईंची साक्ष पुन्हा घेतली, अंगण राहिलं. आणि तेव्हापासून साहेब प्रत्येक साक्षीदाराला विचारू लागले, "वाक्य संपलं का?" इतकं, की टपरीवर अर्धा कप राहिला तरी लोक विचारतात, वाक्य संपलं का?

मनासेंना मात्र इथे "तक्रारवाले काका" हेच नाव राहिलं. ते गेल्यावर परेशजी घरी आले. फार अदबीने बोलले. म्हणाले, "काकू, ती तक्रार अजून उघडी आहे. साहेबांची सेवा स्वच्छ संपावी असं संघाला वाटतं. गैरसमजातून केली होती, एवढं तुम्ही लिहून द्या. आता काकाही नाहीत." मी त्यांना सरबत दिलं, उत्तर दिलं नाही. ते आज देते.

परेशजी, तुम्ही गुच्छ घेऊन उठलात, म्हणजे माझी वेळ झाली असावी. थांबा. साहेब काय म्हणाले ते मागे ऐकू गेलं नसेल, त्यांच्यासमोर माइक नाही. मी सांगते. साहेब म्हणाले, "परेश, बसा. बाईंचं वाक्य संपलेलं नाही."

साहेब, आभारी आहे. आता संपवते.

मी लिहून देणार नाही. मनासेंचा गैरसमज झाला नव्हता. त्यांनी नीट ऐकलं होतं. आणि साहेब, तुमची सेवा त्या तक्रारीने डागाळली असं मला वाटत नाही. चूक दाखवल्यावर रोज, सगळ्यांसमोर स्वतःला आठवण करून देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. घरी तर नाहीच. तुमचं आणि त्यांचं जमलं असतं. दोघांना एकमेकांबद्दल तक्रारी करायला वेळ मिळाला असता.

संघाने मला इथे उभं केलं, सोनाबाई तुम्ही एवढ्या उन्हात आलात, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात कुणाचा मान कमी झाला असेल, क्रम चुकला असेल, तर सवय नसलेल्या बाईचं बोलणं म्हणून पोटात घाला. नमस्कार.

दुपारी घरी आले. शाल कपाटात ठेवली. नारळ फोडला, विळी घेऊन बसले आणि अर्धी वाटी खवली. हात भरून आला. विळीला खरंच धार नाही. ती पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून, उद्या धार लावायला न्यायच्या पिशवीत ठेवली.