बेडकाचं तीर्थ

आमच्या सावंत सरांनी बेडकाचं तीर्थ घेतलं, हे तुम्हाला सांगितलंच नाही वाटतं!

इथे दुबईत, अल क्वोजमध्ये एका चिनी सप्लायरकडून रेट कमी करून घ्यायचा होता. सरांनी गाडीतच मला दम दिला, "मस्करी केलीस तर तुझी गणपतीची सुट्टी खलास."

सप्लायर मिस्टर ल्यूने चहा केला. त्यांच्यात चहाचं पहिलं पाणी पीत नाहीत. त्याने ते ट्रेमध्ये शुभ म्हणून ठेवलेल्या मातीच्या बेडकावर ओतलं.

सर कुजबुजले, "हे काय रे?"

मी म्हटलं, "अभिषेक. हात पुढे करा, सर."

सरांनी खरंच उजवा हात पुढे केला! ल्यूने गोंधळून तळहातावर चार थेंब टाकले. सरांनी फुंकर मारून ते घेतले, हात डोक्यावरून फिरवला, वर बेडकाला नमस्कारही केला.

म्हटलं, गेली सुट्टी.

पण ल्यू उठून उभाच राहिला. "इतकी वर्षं दुबईत आहे, माझ्या बेडकाला एवढा रिस्पेक्ट कुणी दिला नाही!" रेट तिथल्या तिथे उतरला.

गाडीत सर म्हणाले, "चिनी रीतीभाती बऱ्या माहीत आहेत तुला!"

"थोड्याफार, सर."

"मग पाचाऐवजी सात दिवस जा. आणि येताना बेडकाला मोदक आण."