तिसरा भाग

आमचे सोमणसाहेब आठवतात ना? बायको गेल्यावर सेक्टर २२ मध्ये एकटेच राहायचे. मुलगा परदेशी गेला, तेव्हा ड्रॅगनांची एक इंग्रजी कादंबरी घरी राहिली. पत्रात त्याच्याशी बोलायला विषय हवा, म्हणून साहेबांनी ती डिक्शनरी घेऊन महिनाभर वाचली.

मला म्हणाले, "कोण कुणाचा वैरी, कळतच नाही. माझं इंग्रजीच कच्चं."

मी पुस्तक उघडून पाहिलं. "साहेब, हा तिसरा भाग आहे. आधीचे दोन वाचल्याशिवाय कसं कळणार?"

त्यांनी मुलाला लांबलचक पत्र लिहून आधीची गोष्ट विचारली. दीड महिन्याने उत्तर आलं. 'बाबा, ते पुस्तक माझ्या मित्राचं, संधूचं आहे. मी वाचलेलं नाही. परत देऊन टाका.'

त्याच संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवरून संधूकडे नेलं. संधूच्या आईने पुस्तक घेत विचारलं, "बेटे की चिट्ठी आती है?"

साहेब म्हणाले, "आती है जी. आज ही आई."