हिरवी रेघ अन् पाचचं बटन

...अन् वरतून ती टीव्ही कंपनीची फोनवरची बाई मलेच इचारते, "सर, आपला टीव्ही तर चार वेळा दुरुस्त झालाय, मग आपली तक्रार नेमकी काय आहे?" आता काय सांगाव, राजेहो! पडद्याच्या मधोमध, वरून खालपर्यंत हिरवी रेघ. सिरियलमधली सासू अर्धी रेघीच्या इकडं, अर्धी तिकडं, बातम्यावाल्याचं नाक हिरवंगार... अन् ही म्हनते दुरुस्त झाला! पन मी बी बाळापूरचा मोतीराम हाये. टीव्ही बदलून घेतल्याशिवाय मी सोडनारा मानूस नाई!

हौस म्हनून नोता घेतला हो. माही माय, भागीरथा, खुब्याचं हाड मोडलं तवापासून खाटेवर हाये. तिले सारं जग त्या टीव्हीतच. अन् दोन महिन्यात ही रेघ! माय म्हने, "मोत्या, माह्याच डोयात काई झालं का रे?" अॅटोत आडवी करून अकोल्याले नेलं तिले, डोयाच्या डॉक्टरकडं. डॉक्टर म्हने, "डोळे चांगले आहेत, टीव्ही दाखवा कोणाला तरी."

कंपनीले फोन केला. अकोल्याहून श्रावण नावाचा मेकॅनिक आला, मागून खोलला, पुढून पुसला, म्हने, "काका, पडदाच खराब हाये. हे दुरुस्त होत नसते, बदलूनच घ्या. मी तसा रिपोर्ट टाकतो." चांगला मानूस. आता उन्हातून आलेल्या मानसाले तुमी बिनजेवनाचं जाऊ देता का? नाई ना? माह्या बायकोनं, दीपमालानं, भाकर अन् ठेचा वाढला. तो गाडीवर बसत नाई तं कंपनीचा फोन... "आमच्या प्रतिनिधीच्या सेवेने आपण किती समाधानी आहात? एक ते पाचपैकी बटण दाबा." दाबले पाच! घरी जेवून गेलेल्या मानसाले कमी देता येते का?

रेघ तशीच. पुन्हा तक्रार, पुन्हा श्रावण, वांग्याची भाजी, पाच. पुन्हा तक्रार, रोडगे, पाच. चौथ्या खेपेले तं तो मायच्या खाटेपाशी बसून आपल्या पोरीच्या शायेचं सांगत होता, तास-दीड तास. माय हासून राहिली होती, किती दिवसानं! आता त्याले चार तरी कसे द्याव? पाच!

मंग गेलो थेट अमरावतीले, कंपनीच्या हापिसात, अन् बसलो खुर्चीत ठाण मांडून. म्हनलं, मी सोडनारा मानूस नाई. तिथल्या मॅडमनं कॉम्प्युटर माह्याकडं फिरवला. "काका, तक्रारी चार, अन् चारही वेळा तुम्ही पाच दिलेत. पाच आले की काम झालं असं धरतात, तक्रार आपोआप बंद होते."

म्हनजे इतके दिवस नवा टीव्ही कोनं अडवून ठेवला होता? मी!

पाचव्या खेपेले घरी ताकीदच देल्ली. जेवन नाई, चहा नाई, पानी बी नाई. श्रावण आला. दीपमाला सैपाकघरातून बाहेर निंघेना, मायनं भिंतीकडं तोंड केलं. मले तं त्याच्याकडं पाहवेना, इतकी लाज वाटून राहिली होती. मी अमरावतीचं सारं सांगतलं. तो म्हने, "काका, दाबा एक. मले राग येत नाई. माह्या रिपोर्टनं जे झालं नाई, ते तुमच्या एकानं होईन." अन् तसाच उपाशी गेला, राजेहो! फोन आला. बोट पाचवरच जात होतं, पन मी सोडनारा... दाबला एक!

आठ दिवसात नवा टीव्ही आला. दुसरेच दोघं आले, भिंतीले लावला अन् गेले. चित्र असं साफ की बस! म्हनलं, "पाय माय, रेघ गेली!"

मायनं पाच मिनिटं पायलं. म्हने, "चांगला हाये. पन आता श्रावण कवा येईन?"

"टीव्ही चांगला हाये तं तो काहून येईन, माय?"

तुमाले सांगतो, तवापासून माय दिवसभर त्या टीव्हीकडं डोये लावून असते. पन सिरियलमधलं काई इचारा, तिले सांगता येत नाई. रेघ आली का, तेवढंच पाहून राहिली हाये.